हशातला आपला वाटा

डिचोलीहून हळदोणं काही फार लांब नाही. मयेच्या बाजूने उतरत जावं, खोर्जुव्याची नदी ओलांडावी, की पलीकडे हळदोणं. माझ्या लहानपणी मात्र आम्हाला हळदोण्यापेक्षा मुंबई जवळची होती. मुंबईची मासिकं घरात येत, मुंबईच्या नाटकांच्या गोष्टी ओट्यावर चालत आणि मुंबईचे सिनेमे आमच्या टॉकीजला लागत. नदीपलीकडचा किरिस्तांव शेजारी कसा बोलतो, काय खातो, किती पितो, हेही आम्ही मुंबईकडूनच शिकलो. ज्या माणसाला सायकलवरून जाऊन भेटता आलं असतं, त्याची ओळख आम्ही तिकीट काढून करून घेतली.

या दुराव्याला इतिहास आहे. तिसवाडी, बार्देस, साष्टी हे तालुके पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले. डिचोली, पेडणे, सत्तरी त्यांच्या हाती लागले ते थेट अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत. जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी यांच्यामध्ये अडीचशे वर्षांची ही दरी. तेवढ्या काळात तिकडे देवळं मोडली गेली, धर्मांतरं झाली, 1560 मध्ये इन्क्विझिशन आलं, आणि देव नदी ओलांडून अलीकडे आले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर असाच आमच्या डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. माझी आजी ही हकिगत अशा थाटात सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, देवाची पालखी उतरवून घ्यायला ती स्वतः नदीकाठी उभी होती. पुढे 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल आला. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. पेडणे-डिचोलीत फुलाचा जोर होता. जिंकली दोन पानं, 34,021 मतांनी. त्या हरण्याची खंत आमच्या वाड्यावर पुढे कित्येक वर्षं ‘ते’ आणि ‘आम्ही’ या दोन शब्दांतून पाझरत राहिली.

म्हणजे मनातली अढी अगदीच निराधार नव्हती. अन्याय खरा होता. पण तो केला होता एका राजवटीने, आणि आम्ही त्याचा हिशेब मागत होतो सकाळी घंटी वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराकडे. त्याच्या बापजाद्यांवर काय गुदरलं असेल, हा विचार आमच्या ओट्यापर्यंत कधी आलाच नाही.

अशा घरात 1973 चा ‘बॉबी’ पोहोचला. राज कपूरच्या त्या चित्रपटात प्रेमनाथने रंगवलेला जॅक ब्रागांझा हा गोव्याकडचा मासेमार होता. मोठ्याने हसणारा, मोठ्याने रडणारा, दोन्ही वेळी हातात बाटली असलेला. आमचा वाडा खूश झाला. ‘दारू त्यांच्या रक्तातच,’ हे आमच्याकडचं जुनं वाक्य होतं; आता त्याला पडद्यावरचा पुरावा मिळाला. वास्तविक डिचोलीच्या तावेर्नांत संध्याकाळी बाकांवर बसलेली बहुतेक मंडळी आमचीच असत. खाणीवरच्या ट्रकांचे ड्रायव्हर, बाजारातले दलाल, देवळातल्या आरतीला टाळ वाजवून आलेले दोघे-चौघे. पण आपल्यातला कोणी प्यायला तर ते त्या एकट्याचं व्यसन, आणि त्यांच्यातला प्यायला तर ती त्यांची संस्कृती, असा सोयीचा हिशेब होता. सगळीकडेच असतो.

त्याच चित्रपटातल्या म्हाताऱ्या मिसेस ब्रागांझाबद्दल मात्र आजीचं काही म्हणणं नव्हतं. ती भूमिका दुर्गा खोटे यांची होती. आजीने त्यांना ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती म्हणून पाहिलं होतं. तारामतीने फ्रॉक घातला तरी तिच्या हातचं पाणी चालतं, असा काहीसा निवाडा तिने मनोमन देऊन टाकला असावा.

तेव्हा आमच्या शेजारी हळदोण्याचे एक अंकल भाड्याने राहत. खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. वाड्यातल्या कोणीतरी त्यांना मुद्दाम ‘बॉबी’ कसा वाटला ते विचारलं. अंकल रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “इतको सोरो पियेता, मागीर नुस्तें कोण धरता?” इतकी दारू पिणारा माणूस मासे धरायला जातो कधी? सगळे हसले. आणि हसता हसता कोणीतरी त्यांना म्हणालं, “तुम्ही नाही हो अंकल, ते पिक्चरमधले.” हे वाक्य लक्षात ठेवावं. ते आपण पुढे पुन्हा ऐकणार आहोत.

मग 1977 मध्ये मनमोहन देसाईंचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. आमच्याकडे सिनेमा जरा उशिराच पोहोचत असे, पण हा आला तेव्हा आजीसकट सगळं घर टॉकीजला गेलं. एका बापाची तीन पोरं पंधरा ऑगस्टला गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडली जातात, ताटातूट होते. एक हिंदू पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढतो, एक मुसलमान शिंप्याच्या, एक ख्रिस्ती पाद्र्याच्या. मोठेपणी तिघे इस्पितळात शेजारी-शेजारी पडून एकाच बाईला रक्त देतात, ती त्यांची आई आहे हे ठाऊक नसताना. तिघांच्या नळ्या वर एका बाटलीत येतात आणि तिथून थेट तिच्या अंगात. कुठल्याही डॉक्टरने कपाळाला हात लावावा असा तो प्रसंग. बाईचं नाव काय, तर भारती. एवढं उघड रूपक पाहूनही थिएटरात कोणाला ते बाळबोध वाटलं नाही, कारण गंमत चालू होती आणि गमतीत माणूस सावध नसतो.

विनोदी सिनेमाची खरी ताकद इथे आहे. ‘ख्रिस्ती माणूस तुमच्यासारखाच आहे’ असं भाषण कोणी आमच्या चौकात येऊन दिलं असतं, तर लोकांनी सप्तकोटेश्वरापासून सुरुवात करून त्याला परत पाठवलं असतं. मनमोहन देसाईंनी भाषण दिलं नाही. ‘त्यांच्या रक्तातच’ म्हणणाऱ्या माणसांना त्यांनी रक्ताचाच विनोद दाखवला. अँथनी दारूचा गुत्ता चालवतो, पण त्याच्या अंगातलं रक्त तर अमरचं आहे, भारतीचं आहे. मग दारू आली कुठून? वाढला तिथून, भेटला त्या माणसांतून. जन्माला चिकटवलेला प्रत्येक गुण आणि अवगुण या कथेत अपघाताने बदलतो. आमच्या ओट्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेली समजूत तीन तासांत उलटी करून टांगली गेली आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

पण पूर्वग्रह इतका भोळा नसतो. आजी ख्रिस्ती घरी चहा घेत नसे. अंकलच्या बायकोने नाताळात दिलेल्या दोदोल-नेवऱ्या आम्ही मुलं खायचो, आजी हसून ‘मागीर’, म्हणजे नंतर, म्हणायची आणि तो ‘मागीर’ कधी यायचा नाही. सिनेमाहून परतताना मी तिला विचारलं, की त्या बाईने मुसलमानाचं आणि किरिस्तांवाचं रक्त घेतलं, मग तू चहा का घेत नाहीस? आजी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ती बेशुद्ध आशिल्ली गो. तिका कसलो दोष?” शुद्धीवर असती तर तिने आधी चौकशी केली असती, असा त्याचा अर्थ. कुठल्याही समीक्षकाने या प्रसंगावर केलेलं याहून नेमकं भाष्य मी अजून वाचलेलं नाही. सिनेमाने आजीला कोपऱ्यात गाठलं होतं, आणि आजीने त्या कोपऱ्यालाही दार काढलं.

अंकलनाही हा चित्रपट आवडला. अँथनी कमाईतला अर्धा वाटा देवाला देतो, हे पाहून ते पोट धरून हसले होते. “आमचो पाद्रीय इतले मागना!” असं ते घरोघरी सांगत फिरले. पण त्यांचा खरा अभिमान वेगळ्या गोष्टीचा होता. ईस्टरच्या भल्या मोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतो आणि गाण्यातून जे नाव सांगतो, ते नाव खऱ्या माणसाचं होतं. साष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म 1927 चा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले नाणावलेले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि गुरूचं नाव त्या गाण्यात आलं. 1958 मध्ये गोन्साल्विसनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारी मैफल उभी केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे तीत गायले. पुढे ते माजोर्ड्याला परतले आणि 2012 मध्ये गोव्यातच वारले. मराठी चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. देशाने मात्र त्यांचं नाव ऐकलं ते अंड्यातून उगवलेल्या, उंच टोपी घातलेल्या माणसाच्या तोंडून.

गोन्साल्विस एकटे नव्हते. अंकलच्या हळदोण्याचेच अंतोनियो वाझ, म्हणजे मुंबईच्या जॅझमधले चिक चॉकलेट, सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात होते. 1951 च्या ‘अलबेला’त ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यमेळाचं अंग देणारे सेबास्तियन डिसोझा गोव्याचे. फ्रँक फर्नांड गोव्याचे. त्यांनी पुढे 1963 मध्ये ‘आमचें नशीब’ आणि 1966 मध्ये ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले. चर्चच्या शाळांत सोल्फेज शिकलेली ही माणसं. पडद्यावर झिंगलेला गोंयकार धडपडत असताना त्याच्या पाठीमागचं संगीत अनेकदा हीच माणसं, काळे कोट घालून, समोरच्या कागदावरची स्वरलिपी एका सुराचीही चूक न करता वाचत, वाजवत होती. हसणाऱ्यांना दिसत होता तो एक, ऐकू येत होते ते पन्नास. आम्ही पाहिलं फक्त.

हे सगळं मान्य करूनही ‘अमर अकबर अँथनी’बद्दल माझी एक तक्रार वयाबरोबर वाढत गेली आहे. अकबर आला की कव्वाली येते, जाळीचा रुमाल येतो, छचोरपणा येतो. अँथनी आला की क्रूस, गुत्ता आणि अंडं. दोघेही आपापल्या धर्माची पाटी गळ्यात घालून पडद्यावर येतात आणि आपण हसतो. अमर येतो तो नुसत्या गणवेशात. विनोद त्याच्या वाट्याला तिघांत सर्वात कमी, मान सर्वात जास्त. अँथनीला ठोकून काढतो तोही तोच. म्हणजे टॉकीजात बसलेल्या आमच्यासारख्यांचा जो प्रतिनिधी, त्याच्यावर हसायची पाळी आमच्यावर आलीच नाही. आम्ही बाकीच्या दोघांना आपले भाऊ मानायला तयार झालो, पण थोरला भाऊ म्हणून. पूर्वग्रहाला त्या चित्रपटाने गुदगुल्या केल्या, चिमटा काढला नाही.

चिमट्याचे प्रयोगही झाले आहेत, आणि त्यातला एक गोव्याशीच जोडलेला आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ 1969 चा. विषय गोवामुक्तीचा सत्याग्रह. आमच्या शेजारच्या पेडण्यात पत्रादेवीला 1955 च्या पंधरा ऑगस्टला ज्यात माणसं गोळ्या खाऊन पडली, तो. (त्याच्या आदल्या वर्षी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावणाऱ्या तुकडीचा म्होरक्या आल्फ्रेड आफोन्सो होता, हे आमच्या ओट्यावर फारसं कोणी सांगत नसे.) चित्रपट गंभीर आहे, पण पात्रं वाटताना अब्बास यांनी मिस्कीलपणा केला. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले. केरळचे मधू बंगाली झाले. जलाल आगा महाराष्ट्रीय झाला. मेहमूदचा भाऊ अन्वर अली कडवा हिंदीभिमानी हिंदू झाला, आणि पहिल्यांदाच पडद्यावर आलेल्या अमिताभ बच्चनला जी मुसलमान शायराची भूमिका मिळाली, तिचं नाव होतं अन्वर अली! ‘बंगाली असा दिसतो, मुसलमान तसा दिसतो’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाची ही गुपचूप उडवलेली टर होती. व्ही. शांताराम यांनी 1941 मध्ये ‘शेजारी’च्या हिंदी अवतारात, ‘पडोसी’त, हेच केलं होतं. मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार, आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान.

गंमत म्हणजे अब्बास यांचे तेच दोघे, अमिताभ आणि खरा अन्वर अली, 1972 मध्ये ‘बॉम्बे टू गोवा’च्या बसमध्ये पुन्हा भेटले. मूळ तमिळ चित्रपटावरून केलेली ही निव्वळ हसवणूक. बसमध्ये नाना प्रांतांचे, नाना वयांचे प्रवासी, आणि प्रत्येक जण थोडाफार हास्यास्पद. थोर कलाकृती म्हणून तिचं नाव कोणी घेणार नाही. पण तिच्यात एक न्याय आहे: बसमध्ये बसलेल्या कोणालाच सूट नाही. ड्रायव्हर-कंडक्टरपासून सगळे हशाच्या तावडीत.

हा न्याय आमच्या मातीला नवा नाही. पेडण्याच्या दशावतारात काळ्या वेशातला संकासुर येतो आणि गावच्या बोलीत समोरच्या भटजीपासून खुर्चीत बसलेल्या मानकऱ्यापर्यंत सगळ्यांची फिरकी घेतो. शिवोलीला नाताळानंतरच्या सोमवारी होणारा जागोर हा लोकनाट्याचा खेळ हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. एकाच मांडावर एकमेकांची आणि स्वतःचीही थट्टा. तिथे हसणारा आणि हसला जाणारा यांच्या जागा रात्रभर बदलत राहतात. सिनेमागृहाच्या अंधारात ही अदलाबदल होत नाही. पडदा तुमच्याकडे बोट दाखवत नाही, तोवर तुम्ही सुरक्षित असता.

माझ्याकडे ते बोट दाखवलं गेलं एका तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात. अंकलच्या कुटुंबाबरोबर मी हळदोण्याच्या फेस्ताला गेले होते. रात्री चर्चजवळच्या मांडवात तियात्र. पहिल्याच प्रवेशात एक हिंदू दुकानदार आला. काळी टोपी, धोतर, कपाळभर गंध, कानावर पेन्सिल. बोलणं नाकातून, तराजूचा काटा सतत स्वतःच्या बाजूला. मांडव गडगडला. मीही हसू लागले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माझा काका आहे. डिचोलीच्या बाजारातलं किराणा दुकान, तीच टोपी, तीच पेन्सिल. फरक एवढाच की माझ्या काकाने बुधवारच्या बाजारात आयुष्यभर उधारी दिली आणि निम्मी विसरला. हे त्या मांडवाला ओरडून सांगावंसं वाटलं. माझा चेहरा पाहून आंटी कानाशी लागली: “तुजेर न्हय गो बाय, तें नाटक.”

तुझ्यावर नाही गं. तुम्ही नाही हो अंकल. नदीच्या दोन्ही काठांवर तेच वाक्य, तितक्याच मायेने म्हटलेलं. पूर्वग्रह जगतो तो याच वाक्यावर. भेटलेला माणूस अपवाद ठरतो आणि न भेटलेल्यांचा नियम शाबूत राहतो. त्या रात्री अंकलचा ‘नुस्तें कोण धरता’ हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट समजला. तो विनोद नव्हता, हरकत होती. सौजन्याने विनोदाचे कपडे घातलेली.

आता काळ बदलला आहे. ‘दिल चाहता है’ 2001 चा, ‘गो गोवा गॉन’ 2013 चा, ‘फाइंडिंग फॅनी’ 2014 चा. गोवा म्हणजे किनारा, पार्टी आणि खुळे प्रेमळ कॅथलिक, हे देशाने पक्कं करून टाकलं आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यात हिंदू 66 टक्के आणि ख्रिस्ती 25 टक्के. पडद्यावरच्या गोव्यात आम्ही शोधून सापडत नाही. लाल मातीची डिचोली, मयेचं तळं, शिरगावची लईराई कुठल्याच चित्रपटवाल्याच्या वाटेवर लागत नाहीत. पुण्या-मुंबईत आमच्याकडच्या मुलींना ‘गोव्याची? म्हणजे घेत असशील!’ असं हसत विचारतात, तेव्हा आमची माणसं चटकन सांगतात, ‘आम्ही तसे नव्हे, ते वेगळे.’ जॅक ब्रागांझाची बाटली आपल्या हातात आली रे आली, की ती नदीपलीकडे फेकायची.

आणि दोन्ही काठ ज्यावर एकत्र हसतात, असा नवा माणूस आता मिळाला आहे: कामासाठी बाहेरून आलेला. बांधकामावरचा, हॉटेलातला, बुधवारच्या बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून भाजी विकणारा. त्याच्या भाषेची नक्कल, त्याच्या वासाचे विनोद, ‘घाटी’ हा शब्द. हे सगळं डिचोलीत ऐकू येतं आणि हळदोण्यातही. या एका बाबतीत जुन्या-नव्या काबिजादींचं विलीनीकरण पूर्ण झालेलं आहे.

2004 पासून पणजीला दर वर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. गोव्यातली तरुण मुलं चांगले कोकणी-मराठी चित्रपट करू लागली आहेत. त्यांना माझं एक मागणं आहे. डिचोलीच्या बाजारावर एक धमाल विनोदी सिनेमा काढा. त्यात पोदेर असू द्या, तियात्रातला दुकानदार असू द्या, गोणपाटावरची भाजीवालीही असू द्या. पण सर्वात मोठा हशा तिकीट काढून समोर बसलेल्या आमच्यावर पिकला पाहिजे. ओट्यावर बसून जगाला नावं ठेवणारे आम्ही, रक्त चालतं पण चहा चालत नाही म्हणणारे आम्ही. परक्यांवरच्या विनोदाने पूर्वग्रह हलत नाही, फार तर तो खुर्चीत सैलावून बसतो. ज्या विनोदी सिनेमात प्रेक्षकाला स्वतःचा काका दिसत नाही, तो कितीही हसवो, त्याने प्रेक्षकाचं काही बिघडवलेलं नसतं.